गर्भपाताचा हक्क : सोलापूर जिल्ह्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायदा ज्या कागदावर गर्भपात करून द्यायला सांगतो तो कागद एकच आहे. काउंटरवर मागितले जातात पाच-सहा. या दोन्हींच्या मधल्या अंतरात बाईचे आठवडे जातात आणि आठवडे गेले की कायद्याचा दरवाजाही अरुंद होत जातो. पुढची बहुतेक उत्तरं या अंतराबद्दल आहेत.

गर्भपात आपल्याकडे कायदेशीर आहे का?

हो, १ एप्रिल १९७२ पासून. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ साली झाला, २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. आजची स्थिती अशी : २० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ते ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी आहे. गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने, ठरवलं तर २४ आठवड्यांनंतरही करता येतो. बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करायचा असेल तर आठवड्यांची मर्यादाच नाही. तिथे दुसऱ्या डॉक्टरच्या मताची वाट पाहायची नसते आणि केंद्र मान्यताप्राप्त आहे का, हेही बघायचं नसतं.

गर्भनिरोधक फसलं, एवढं कारण चालतं?

चालतं. २० आठवड्यांपर्यंत हे कायद्यातच लिहिलेलं कारण आहे. २०२१ पूर्वी तिथे ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ असे शब्द होते, आता ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे आहेत. निरोध फाटला, गोळी चुकली, तांबी सरकली, याचा पुरावा आणायचा नसतो. शिवाय बाईची सध्याची आणि पुढची परिस्थिती डॉक्टरने विचारात घ्यावी, असंही कायदा सांगतो. तिसरं लेकरू अजून अंगावर पितंय, लूम बंद पडल्याने नवरा घरी बसलाय, तिचीच तब्येत तोळामासा आहे, हे सगळं त्या परिस्थितीत येतं.

मग कायदा असताना ‘हक्क’ म्हणून भांडायचं कशाला?

कारण कायद्याची मांडणी हक्काची नाही, सवलतीची आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ नुसार गर्भपात घडवणं आजही गुन्हा आहे आणि स्वतःचा गर्भपात स्वतः करणारी बाईसुद्धा त्या कलमात बसते. १९७१ चा कायदा डॉक्टरला त्या गुन्ह्यातून सूट देतो. ‘मला नको आहे’ हे बाईचं म्हणणं कागदावर पुरेसं कारण ठरत नाही, डॉक्टरला ‘मत’ बनवावं लागतं. घाबरट किंवा हेकट डॉक्टर वाट्याला आला की सगळं तिथेच अडतं.

न्यायालयं मात्र या मांडणीच्या पुढे गेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सांगितलं की मूल जन्माला घालायचं की नाही, ही निवड घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तुरुंगातल्या गरोदर स्त्रियांच्या प्रकरणात हाच धागा पुढे नेला. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. भारताने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव दूर करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला १९९३ मध्येच मान्यता दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची मार्गदर्शक सूचना तर गर्भपात गुन्ह्याच्या यादीतून पूर्ण काढा आणि तिसऱ्या माणसाची परवानगी मागणं बंद करा, असं सांगते.

हक्क नसला की काय होतं, यासाठी बेळगावची लेक सविता हलप्पनवार आठवावी. आयर्लंडमध्ये ऑक्टोबर २०१२ मध्ये १७ व्या आठवड्यात तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं. तरी हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्ग होऊन ती गेली. ती स्वतः दंतवैद्य होती. २०१८ च्या सार्वमतात त्या देशाने आपल्या घटनेतली बंदी काढून टाकली.

नवऱ्याची सही लागते का?

नाही. वय १८ पूर्ण असेल तर फक्त तिची स्वतःची संमती. नवरा, सासू, आई-वडील, भाऊ, कुणाचीही सही कायदा मागत नाही.

संमतीचा कागद म्हणजे ‘नमुना सी’. त्यात काय असतं ते नीट बघा : नाव, कुणाची मुलगी किंवा कुणाची पत्नी, अंदाजे वय, कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता, ‘माझा गर्भ काढण्यास मी संमती देते’ असं वाक्य, केंद्राचं नाव, तारीख, सही किंवा अंगठा. संपलं. यात आधार क्रमांकाची जागा नाही, लग्नाच्या दाखल्याची नाही, नवऱ्याच्या सहीची तर नाहीच.

मग सगळीकडे ‘मालकांना घेऊन या’ का म्हणतात? उद्या घरचे येऊन गोंधळ घालतील, काचा फोडतील, ही भीती त्यामागे असते. काही ठिकाणी ऑपरेशनसाठी छापलेला सरसकट संमतीचा फॉर्म वापरतात आणि त्यात ‘नातेवाईकाची सही’ हा रकाना असतोच. भुलेची सुई द्यायची असेल तर सोबत माणूस हवा, ही अपेक्षा रास्त आहे. पण सोबत आलेला माणूस म्हणजे संमती देणारा माणूस नव्हे. मैत्रीण, जाऊ, आशाताई, कुणीही चालते.

काउंटरवर एवढंच म्हणा : ‘माझं वय अठराच्या वर आहे, नमुना सी द्या, मी सही करते. नवऱ्याची सही लागते असं असेल तर तसं लेखी द्या.’ लेखी मागितलं की बऱ्याच वेळा आग्रह गळून पडतो, कारण असं लेखी कुणालाच देता येत नाही. आवाज चढवायची गरज नसते.

सोलापुरात आणखी एक अडचण आहे, भाषेची. पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे उर्दू. मराठी किंवा इंग्रजी फॉर्मवर न वाचता घेतलेला अंगठा ही संमती होत नाही. वाचून दाखवायला सांगा, आणि तिच्या भाषेत.

लग्न झालेलं नसेल तर?

काहीच फरक नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या टप्प्यातही अविवाहित स्त्रीला बाहेर ठेवता येणार नाही, असं स्पष्ट केलं. त्याच निकालात गर्भपात कायद्यापुरती ‘बलात्कार’ या शब्दात नवऱ्याने केलेली जबरदस्तीही धरली आहे. टेबलावर ‘मिसेस’ लिहिलं आणि गळ्यात मंगळसूत्र दिसलं तरच काम होतं, असा समज कॉलेजच्या मुलींमध्ये पक्का आहे. खोटं नाव आणि खोटं लग्न सांगू नका. पुढे रक्तस्राव होऊन दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर जुने कागद जुळत नाहीत आणि त्रास तुम्हालाच होतो.

आठवडे कसे मोजायचे?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. संबंध आला त्या दिवसापासून नाही आणि पाळी चुकली त्या दिवसापासूनही नाही. शेवटची पाळी १ जूनला आली असेल तर ३ ऑगस्टला ९ आठवडे भरतात, २४ ऑगस्टला १२, १९ ऑक्टोबरला २० आणि १६ नोव्हेंबरला २४. म्हणजे पाळी चुकल्याचं कळतं तेव्हाच चार-पाच आठवडे होऊन गेलेले असतात.

चुकतं ते असं. ‘तिसरा महिना चालू आहे’ म्हणजे ९ आठवडे की १२, यातून काहीच कळत नाही, म्हणून तारीखच सांगा. गर्भ रुजताना थोडं अंगावरून जातं, त्याला पाळी समजलं की मोजणी चार आठवड्यांनी मागे पडते. अंगावर पाजणाऱ्या बाईला मधे पाळी आलेलीच नसते. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल तर सोनोग्राफी करा. पहिल्या १२-१३ आठवड्यांत केलेली सोनोग्राफी वय अगदी जवळपास बरोबर सांगते, नंतर चूक वाढत जाते.

तारीख आठवण्यासाठी सोलापूरकरांच्या जवळ पंचांग आहेच : गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी की नंतर, आषाढी वारीच्या आधी की नंतर, हे विचारलं की आठवडाभराच्या फरकाने तारीख निघते.

कुठे जायचं?

शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं असल्याने २० आठवड्यांच्या पुढच्या, गुंतागुंतीच्या किंवा रक्त लागू शकेल अशा केससाठी जिल्ह्यातून इथेच पाठवतात. पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय, तालुक्यांची ग्रामीण रुग्णालयं आणि महापालिकेची प्रसूतिगृहं इथेही विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित डॉक्टर आणि साहित्य असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांची सेवा तिथेही होऊ शकते. सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता लागत नाही.

खासगी दवाखान्याला लागते. मान्यतेचं प्रमाणपत्र म्हणजे ‘नमुना बी’, आणि ते दर्शनी भिंतीवर लावणं बंधनकारक आहे. आत गेल्यावर पहिल्यांदा ते शोधा. १२ आठवड्यांपर्यंतची मान्यता आणि त्यापुढची मान्यता वेगळी असते, म्हणून प्रमाणपत्र पूर्ण वाचा. बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांना गर्भपात करायची किंवा त्याच्या गोळ्या लिहून द्यायची परवानगी नाही, मग गावात त्यांचं नाव कितीही असो.

करमाळा किंवा सांगोल्याहून एसटीने येणार असाल तर आधी फोन करून तीन गोष्टी विचारा : स्त्रीरोगाची ओपीडी कोणत्या वारी, सोनोग्राफी त्याच दिवशी होते का, राहावं लागेल का. सोबत जुने रिपोर्ट, रक्तगट माहीत असेल तर तो कागद, आणि चालू असलेली औषधं पाकिटासकट आणा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. सिव्हिल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथे केस पेपरचं आणि काही तपासण्यांचं शुल्क पडू शकतं.

गोळ्यांनी गर्भपात कसा होतो?

९ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरच्या देखरेखीखाली. पाकिटात पाच गोळ्या असतात : मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टोल २०० मायक्रोग्रॅमच्या चार.

पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोन पाण्यासोबत गिळायची. तिने गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचं काम थांबतं. बहुतेकींना त्या दिवशी काहीच जाणवत नाही आणि इथेच पहिली चूक होते. ‘काही झालं नाही’ म्हणून पुढच्या चार घेतल्याच जात नाहीत, किंवा घाईने त्याच रात्री घेतल्या जातात. २४ ते ४८ तासांनी चारही मिसोप्रोस्टोल डॉक्टरने सांगितलेल्या पद्धतीने घ्यायच्या : योनीमार्गात, जिभेखाली, किंवा गालात दोन इकडे दोन तिकडे. तोंडात ठेवल्या तर अर्धा तास तशाच ठेवायच्या, चघळायच्या नाहीत, आणि उरलेलं पाण्यासोबत गिळायचं.

चार-सहा तासांत कळा आणि रक्तस्राव सुरू होतो. तो पाळीपेक्षा जास्त असतो, गाठी पडतात. थंडी वाजणं, त्या दिवशी अंग तापणं, जुलाब, मळमळ हे औषधाचे परिणाम आहेत. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन चालते. त्या दिवशी घरी सोबत कुणीतरी असावं, संडास जवळ असावा आणि गरज पडली तर दोन तासांच्या आत दवाखाना गाठता यावा. गोळ्या घेऊन एसटीत बसू नका. नंतर दहा-बारा दिवस थोडं थोडं जातं, पुढच्या पाळीपर्यंत डाग दिसू शकतात.

पंधराव्या दिवशी पुन्हा दाखवायला जाणं टाळू नका. शंभरातल्या दोन ते पाच जणींमध्ये काम अपुरं राहतं किंवा गर्भ तसाच वाढत राहतो. लघवीची पट्टी घरी लावून खात्री होत नाही, ती काही आठवडे दोन रेघा दाखवतच राहते. गोळ्या घेऊनही गर्भ टिकला तर पिशवी मशीनने रिकामी करून घ्यावी, कारण मिसोप्रोस्टोलमुळे गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

दोन मोठे पॅड एका तासात पूर्ण भिजताहेत आणि असं सलग दोन तास चाललंय. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. गोळ्यांच्या दुसऱ्या दिवसानंतरही १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप. घाण वासाचं पाणी जाणं. एका बाजूला सुरीसारखी कळ किंवा खांद्यात दुखणं. यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा, आणि गोळ्या घेतल्या आहेत हे डॉक्टरला स्पष्ट सांगा. जीव वाचवणारा उपचार नाकारता येत नाही.

मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणल्या तर?

देशात हेच सर्वांत जास्त होतं. २०१५ सालच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास तीन-चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. म्हणजे गोळ्या घेणाऱ्या बायका अडाणी आहेत असं नाही, दवाखाना त्यांना परवडत नाही किंवा झेपत नाही.

औषध मुळात सुरक्षित आहे. धोका आजूबाजूच्या गोष्टींत आहे. गर्भ नळीत असेल तर या गोळ्या काहीच करत नाहीत आणि नळी फुटली तर तासा-दोन तासांत जीव जाऊ शकतो. सोनोग्राफी न करता घेतल्याने नेमकं हेच राहून जातं. आठवडे चुकले तर रक्तस्राव बेसुमार होतो. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल, रक्त पातळ करणारी किंवा स्टेरॉइडची औषधं चालू असतील, तांबी आतच असेल, तर आधी डॉक्टर. रक्तगट निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागेल का, हे विचारा. आणि काउंटरवर चिठ्ठीशिवाय मिळतं ते कधी निव्वळ मिसोप्रोस्टोल असतं, कधी पाळी आणायच्या नावाखाली भलतंच हार्मोन.

उलट बाजूही आहे. लिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमेत औषध दुकानांवर एवढी धाकदपटशा झाली की अनेक मेडिकलवाल्यांनी हे पाकीट ठेवणंच सोडलं. नऊ आठवड्यांच्या आत गर्भाचं लिंग सोनोग्राफीत दिसत नाही, तेव्हा या गोळ्यांचा त्या गुन्ह्याशी संबंध जोडणं चुकीचं आहे.

‘क्युरेटिंग’ आणि मशीन यात फरक काय?

मोठा फरक आहे, आणि तो विचारायचा हक्क तुम्हाला आहे. १२ आठवड्यांपर्यंत हाताने चालवायच्या सिरिंजने, म्हणजे एमव्हीएने, किंवा विजेच्या सक्शनने पिशवी रिकामी करता येते. प्लास्टिकची मऊ नळी, जागेवरच भूल, पाच-दहा मिनिटं, त्याच दिवशी घरी. जुनं क्युरेटिंग म्हणजे धातूच्या धारदार चमच्याने खरवडणं. जागतिक आरोग्य संघटना ते वापरू नका असं सांगते, कारण पिशवीला इजा आणि दुखणं दोन्ही जास्त. बोलताना सगळे ‘क्युरेटिंग’च म्हणतात, म्हणून नाव ऐकून घाबरू नका. ‘डॉक्टर, सक्शनने करणार की खरवडून?’ असं सरळ विचारा.

२० आठवड्यांच्या पुढे काय?

२० ते २४ मध्ये हे गट येतात : लैंगिक अत्याचार किंवा नात्यातल्या अत्याचारातून राहिलेला गर्भ, १८ वर्षांखालील मुली, गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट आलेल्या स्त्रिया, गंभीर शारीरिक अपंगत्व किंवा मानसिक आजार असलेल्या, गर्भात व्यंग असलेल्या, आणि आपत्ती किंवा आणीबाणीत सापडलेल्या. २०२२ च्या निकालाने ‘वैवाहिक स्थिती बदलली’ याचा अर्थ व्यापक केला आहे. नवऱ्याने टाकून दिलं, परिस्थिती अचानक पालटली, तेही त्यात बसतं.

२४ च्या पुढे वैद्यकीय मंडळ. मंडळाने अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं आणि परवानगी दिल्यास अर्ज मिळाल्यापासूनच पाच दिवसांच्या आत गर्भपात व्हायचा, हे नियमांत आहे. अर्जाची पोच तारीख-वेळेसह घ्या, कारण हे तीन दिवस तिथूनच मोजले जातात. सोनोग्राफीचे मूळ रिपोर्ट द्या, मोबाइलमधला फोटो चालत नाही. मंडळ कधी ‘गर्भ निरोगी आहे’ एवढंच लिहून मोकळं होतं. महाराष्ट्रातल्याच एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे की गर्भ ठेवल्याने तिच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होईल, हेही मंडळाने लिहिलं पाहिजे.

मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे आणि सोलापूर जिल्हा तिथे येतो, मुंबईला धावायची गरज राहिलेली नाही. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

मुलगी १८ वर्षांखालची असेल तर?

पालकाची लेखी संमती लागते. पण मुलीचं स्वतःचं मत पालकाइतकंच महत्त्वाचं आहे, तिच्या इच्छेविरुद्ध ना गर्भ ठेवायचा ना काढायचा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याने डॉक्टरला पोलिसांना कळवणं भाग आहे. मात्र मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने तिचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही, असं २०२२ च्या निकालात म्हटलं आहे. पोलिसांच्या भीतीनेच अशा केसेस पाचव्या-सहाव्या महिन्यात येतात. हा निकाल प्रत्येक शाळेच्या समुपदेशकाला आणि आशाताईला पाठ असायला हवा.

बलात्कारातून गर्भ राहिला असेल तर आधी एफआयआर लागतो का?

नाही. रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, मोफत आणि लगेच उपचार द्यायचे असतात. पुढे खटला चालवायचा असेल तर गर्भाचा नमुना डीएनएसाठी जपून ठेवायला आधीच सांगा. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकला की डीएनए खराब होतो. सलाइनमध्ये, बर्फावर, सीलबंद ठेवून लवकर पोचवला पाहिजे. ही चूक सरसकट होते, कारण बाकीचे सगळे नमुने फॉर्मॅलिनमध्येच घालायची सवय असते.

गर्भपात सोपा केला तर मुली पोटातच मारल्या जातील ना?

प्रश्न गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, म्हणून राग समजण्यासारखा आहे. पण गुन्हा लिंग तपासण्याचा आहे आणि त्यासाठी १९९४ चा वेगळा कायदा आहे. तो सोनोग्राफी यंत्रावर, ते चालवणाऱ्या डॉक्टरवर आणि तपासायला लावणाऱ्या घरच्यांवर रोखलेला आहे. बाईवर दबाव होता असं तो कायदाच गृहीत धरतो.

गर्भपात अवघड केल्याने हे रॅकेट थांबत नाही. त्यांच्याकडे पैसा आणि गाडी असते, ते जिल्ह्याची हद्द ओलांडून करून घेतात. अडकते ती आठव्या आठवड्यात एकटी आलेली बाई. आणि ‘मुलगा होईपर्यंत’ जिला बाळंतपणं काढावी लागतात, तिलाही शरीरावरचा हक्क नाकारलेलाच असतो. भिंतीवर ‘गर्भपात हा गुन्हा आहे’ अशी पाटी दिसली तर ती बदलायला लावा. मजकूर असा हवा : गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे.

हे आपल्या संस्कृतीत बसतं का?

पंढरपूरला १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने अनाथ बालकाश्रम निघाला, त्याच्या बारा वर्षं आधी फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. वारीच्या गावात आणि पेशव्यांच्या पुण्यात नको असलेली गर्भारपणं होती, म्हणूनच ती निघाली. १९६४ मध्ये नेमलेल्या ज्या समितीच्या अहवालावर आजचा कायदा उभा आहे, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते.

पुढे मूल होतं का?

होतं. योग्य रीतीने केलेल्या गर्भपाताने वंध्यत्व येत नाही. उलट आठ-दहा दिवसांतही पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून गर्भनिरोधक लगेच सुरू करा. पण ‘तांबी बसवली तरच’ किंवा ‘ऑपरेशन केलं तरच गर्भपात करू’ अशी अट कुणालाही घालता येत नाही.

मजुरी बुडते, त्याचं काय?

मातृत्व लाभाच्या तरतुदींनुसार गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि राज्य कामगार विमा असेल तर त्यातूनही लाभ मिळतो. टॉवेल-चादरीच्या किंवा गारमेंटच्या कारखान्यात हजेरीपटावर नाव असलेल्या बाईने डॉक्टरचा दाखला देऊन ती मागावी. दाखल्यावर ‘गर्भपात’ हा शब्द लागतो, म्हणून काहीजणी रजाच सोडून देतात.

घरी बसून विड्या वळणारीच्या हाती हे फारसं लागत नाही, हजार विड्यांमागे मजुरी, न वळल्या तर शून्य. उसाच्या फडातली तर कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, एक खाडा पडला की दंड. ऑक्टोबर ते मार्च या हंगामात तिच्याकडे ओपीडीच्या वेळेत दवाखान्यात यायला दिवसच नसतो. तेव्हा फडाजवळच्या आरोग्य केंद्रात संध्याकाळची वेळ ठेवा, ही मागणी करण्यासारखी आहे.

माझं नाव बाहेर फुटलं तर?

गर्भपात नोंदवही गोपनीय कागद आहे. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणाला माहिती दिली तर कलम ५-अ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. वॉर्डात नाव पुकारून ‘ती ॲबॉर्शनवाली’ म्हणणंही याच कलमाच्या जवळ जातं, हे सिस्टरना शांतपणे सांगून बघा.

डॉक्टरने नकार दिला. कुणाकडे जायचं?

आधी वेळ वाचवा, तक्रार नंतर. दुसरं केंद्र त्याच दिवशी गाठा आणि केस पेपरवर नकाराचं कारण लिहून मागा. नंतर लेखी तक्रार करा : सिव्हिलमध्ये अधिष्ठात्यांकडे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. तारीख, वेळ, खिडकी, कोणता कागद मागितला, एवढं लिहिलं की पुरे. १०४ वर सल्ला मिळतो, घरात मारहाण होत असेल तर १८१.

आम्हाला या विषयावर काम करायचं आहे. सुरुवात कशी करू?

माहितीच्या अधिकाराने. कोरा कागद, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, नाहीतर तेवढ्यावरच परत येतो. पहिल्या अर्जात तालुकानिहाय मान्यताप्राप्त केंद्रांची यादी मागा. दुसऱ्यात प्रत्येक सरकारी रुग्णालयात गेल्या तीन वर्षांत १२ आठवड्यांपर्यंत आणि त्यापुढे किती गर्भपात झाले. तिसऱ्यात गोळ्यांच्या पाकिटांचा आणि एमव्हीए सिरिंजचा साठा. फक्त आकडे मागा, नावं किंवा नोंदवहीची प्रत कधीही मागू नका.

आकडे आले की शून्य कुठे आहे ते बघा. एखाद्या तालुक्यात वर्षभर एकही गर्भपात नोंदला नसेल तर तिथल्या बायकांना गरजच पडली नाही असं नसतं. डॉक्टर प्रशिक्षित नाही, भूलतज्ज्ञ येत नाही, की सिरिंज कपाटात बंद आहे, ते रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विचारा. ग्रामसभेत ‘नवऱ्याची सही मागू नये’ असा ठराव घेता येतो. २८ सप्टेंबर हा सुरक्षित गर्भपाताचा आंतरराष्ट्रीय दिवस, त्या दिवशी नमुना सी तेलुगू, कन्नड आणि उर्दूत छापून ओपीडीबाहेर लावायची परवानगी मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.